उन्हाळ्यांतली उमेदवारी



‘उमेदवार’ हा शब्द आज कानांवर पडला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें निवडणूक उभी राहते. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं या शब्दाचा अर्थ निराळा होता. कचेरींत पुढेंमागें नोकरी मिळेल या उमेदीवर जो तरुण विनावेतन काम करी, नकला उतरी, दप्तरें बांधी, वरिष्ठांच्या हांकेला ओ देई आणि कारकुनाची जागा केव्हां रिकामी होते याची वाट पाही, तो उमेदवार. कोणी सहा महिने उमेदवारी करी, कोणी दोन-दोन वर्षें करी. तेवढ्या काळांत त्याच्या पोटाची सोय कोण पाही? घरची शेतीवाडी असली तर ती. शहरांत मामाचें किंवा काकाचें बिऱ्हाड असलें तर तें. आणि यांपैकीं कांहींच नसलें, तर तो तरुण उमेदवार होतच नसे. परीक्षेला बसण्याच्या आधींच तो नापास झालेला असे आणि त्याच्या नापासाची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नसे.

आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे तो दूरच्या देशाचा, अमेरिकेचा आहे. पण त्याचा गाभा आपल्या या जुन्या शब्दांत सांठविलेला आहे. त्या देशांत उन्हाळ्याच्या सुटींत कॉलेजचे कांहीं विद्यार्थी मोठमोठ्या कलासंग्रहालयांत आठ-दहा आठवडे कामाला राहतात. तेथील चित्रें, मूर्ति आणि विणलेले पट ते प्रथम स्वतः समजावून घेतात आणि मग बाहेरून येणाऱ्या लहान मुलांना समजावून देतात. या विद्यार्थ्यांना ‘इंटर्न’ म्हणतात. कांहीं संग्रहालयांनीं त्यांना वेतन पूर्वींपासून दिलें, पुष्कळांनीं दीर्घकाळ दिलें नाहीं, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या न देण्याबद्दल त्या देशाला लाज वाटूं लागली. ही लाज कशी उत्पन्न झाली, हाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम ‘इंटर्न’ हा शब्दच पाहूं. तो फ्रेंच भाषेंतून आला. रुग्णालयाच्या आंत राहून शिकणारा तरुण वैद्य तो ‘इंटर्न’, म्हणजे आंतला. तो रात्रंदिवस रोग्यांची सेवा करी. त्याला पगार नसला तरी निजावयास खोली आणि जेवावयास ताट मिळे. आपल्याकडेहि गुरुगृहीं राहणारा शिष्य फी देत नसे आणि उपाशीहि राहत नसे. पुढें पुण्यासारख्या शहरांत गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवूं लागले, तेव्हां गुरूच्या घराची ती जबाबदारी गांवानें उचलली, एवढाच फरक झाला. जुन्या व्यवस्थेंत दोष पुष्कळ होते. ती सर्वांना खुली नव्हती, हा तर सर्वांत मोठा दोष. परंतु शिकणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न हा शिक्षणाचाच एक भाग आहे, हें तिला ठाऊक होतें. ‘इंटर्न’ हा शब्द रुग्णालयांतून कचेऱ्यांत, वर्तमानपत्रांत आणि संग्रहालयांत गेला, तेव्हां वाटेंत तें जेवणाचें ताट मात्र मागें राहिलें.

आतां कलासंग्रहालय शिक्षक कसें झालें तें पाहूं. १८७० या एकाच वर्षीं अमेरिकेंत दोन मोठीं संग्रहालयें स्थापन झालीं: एक न्यूयॉर्कचें मेट्रोपॉलिटन आणि दुसरें बोस्टनचें. मेट्रोपॉलिटनच्या सनदेंतच लोकशिक्षणाचा हेतु लिहिलेला होता. परंतु कागदावरचा हेतु आणि दरवाजावरचें कुलूप यांची गांठ अनेक वर्षें पडली नव्हती. श्रमिकांना सुटी रविवारची, आणि संग्रहालय नेमकें रविवारीं बंद! धर्मनिष्ठ मंडळींना रविवारीं दरवाजे उघडणें हें पाप वाटे. बराच वाद झाला, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि अखेर १८९१ सालीं रविवारीं संग्रहालय उघडूं लागलें. सनदेनंतर एकवीस वर्षांनीं कामकरी माणसाचें पाऊल त्याच्या फुरसतीच्या दिवशीं आंत पडलें.

दरवाजा उघडला म्हणजे मन उघडलें असें होत नाहीं. आंत आलेला माणूस काचेच्या कपाटांपुढून चालत जातो आणि पाय दुखूं लागले म्हणजे घरीं जातो. बोस्टनच्या संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन गिलमन यांनीं या थकव्याचा शास्त्रीय अभ्यास केला. प्रेक्षकाला वस्तु पाहण्यासाठीं किती वांकावें लागतें, मान किती उंच करावी लागते, याचीं छायाचित्रें घेऊन त्यांनीं १९१६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि या शिणाला ‘संग्रहालयाचा थकवा’ असें नांव दिलें. त्याच्याहि आधीं, १९०७ च्या सुमारास, त्यांनीं बोस्टनमध्यें एक नवा मनुष्य प्रेक्षकांच्या सोबतीला दिला होता. त्याचें नांव ‘डोसेंट’. लॅटिनमध्यें ‘शिकविणें’ या अर्थाचा जो धातु आहे त्यावरून हा शब्द बनला. डोसेंट वस्तूंची राखण करीत नसे. तो पाहणाऱ्याच्या शेजारीं उभा राहून त्याला पाहावयास शिकवी. याच संग्रहालयांत पुढें १९१७ सालीं आनंद कुमारस्वामी हे भारतीय कलाविभागाचे प्रमुख झाले, आणि आपल्याकडील शिल्पांचा व चित्रांचा अर्थ पाश्चात्यांना सांगण्याचें काम त्यांनीं जन्मभर केलें. वस्तु कितीहि मोलाची असली तरी तिला बोलका सोबती लागतो, ही दृष्टि बोस्टननें दिली.

लहान मुलांचा विचार करणारें पहिलें संग्रहालय १८९९ सालीं ब्रुकलिन येथें उघडलें. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९०९ मध्यें, न्यूअर्क या कारखान्यांच्या शहरांत जॉन कॉटन डाना या ग्रंथपालानें एक संग्रहालय काढलें. डाना हा मोठा विलक्षण मनुष्य. संग्रहालय हें देवळासारखें दुरून नमस्कार करण्याचें स्थान नसावें, बाजारपेठेसारखें लोकांच्या येण्याजाण्यांतलें असावें, असें त्याचें मत. अवघ्या कांहीं सेंटांना मिळणाऱ्या सुबक घरगुती वस्तु त्यानें काचेंत मांडल्या आणि सौंदर्याचा संबंध किंमतीशीं नाहीं हें गृहिणींना दाखवून दिलें. या डानानें १९२५ सालीं संग्रहालयाच्या कामाची रीतसर उमेदवारी सुरू केली. पदवी घेऊन आलेल्या तरुण मंडळींना तेथें नोंदी करणें, वस्तु मांडणें, चिठ्ठ्या लिहिणें, शाळांना वस्तु पाठविणें आणि मुलांपुढें बोलणें हीं सर्व कामें हातानें करावीं लागत. पहिल्याच तुकडींत डोरोथी मिलर नांवाची तरुणी होती. पुढें १९३४ सालीं ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत गेली आणि अनेक अपरिचित चित्रकारांना तिनें प्रकाशांत आणलें.

त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठांत पॉल सॅक्स या गृहस्थांनीं दुसरी एक शाळा चालविली. हे सॅक्स प्रसिद्ध सावकारी पेढीच्या घराण्यांतले. पेढी सोडून ते १९१५ सालीं विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांत आले आणि १९२१-२२ पासून संग्रहालयाच्या कामाचा अभ्यासवर्ग घेऊं लागले. त्यांच्या घरीं वर्ग भरे. विद्यार्थ्याच्या हातांत खरी वस्तु दिली जाई आणि ती पाहून बोल, असें त्याला सांगितलें जाई. या वर्गांतून बाहेर पडलेल्यांनीं एका पिढीपर्यंत अमेरिकेंतील संग्रहालयें चालविलीं असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. आल्फ्रेड बार हा १९२९ सालीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, आधुनिक कलासंग्रहालयाचा पहिला संचालक झाला, तो सॅक्स यांचाच विद्यार्थी. शिक्षण उत्कृष्ट होतें, यांत शंका नाहीं. परंतु हार्वर्डच्या दारापर्यंत पोंचणारे घरोघरचे मुलगे किती? जे पोंचले त्यांनींच पुढें ठरविलें कीं, कोणतें चित्र भिंतीवर लागावें आणि कोणतें तळघरांत राहावें.

आतां मी आपणांला न्यूयॉर्कच्या उत्तर टोकाला, हडसन नदीकांठच्या एका टेकडीवर घेऊन जातों. तेथें १९३८ सालच्या मे महिन्यांत ‘क्लॉयस्टर्स’ नांवाचें संग्रहालय उघडलें. तें मेट्रोपॉलिटनचीच शाखा. क्लॉयस्टर म्हणजे ख्रिस्ती मठांतला चौक. मध्यें उघडें अंगण आणि भोंवतीं खांबांच्या ओसऱ्या, आपल्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशी ही रचना. जॉर्ज ग्रे बर्नार्ड या शिल्पकारानें फ्रान्समध्यें हिंडून, पडक्या मठांचे खांब आणि कमानी गोळा केल्या होत्या. १९२५ सालीं जॉन रॉकफेलर धाकटे यांच्या पैशांनीं मेट्रोपॉलिटननें तो संग्रह घेतला. रॉकफेलरांनीं टेकडी दिली, इमारतीचा खर्च दिला, आणि संग्रहालयांतून दिसणारा नदीपलीकडचा देखावा बिघडूं नये म्हणून समोरच्या तीरावरची जमीनसुद्धां विकत घेऊन राखली. हें सर्व उभारण्यांत जेम्स रॉरिमर या तरुण अधिकाऱ्याचा मोठा हात होता; आणि हा रॉरिमरहि हार्वर्डचाच पदवीधर व सॅक्स यांचा शिष्य. पुढें १९५५ सालीं तो सबंध मेट्रोपॉलिटनचा संचालक झाला.

क्लॉयस्टर्समधील सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे एकशिंगी घोड्याच्या शिकारीचे सात विणलेले पट. इसवी सन १५०० च्या आसपास ते विणले गेले. फ्रान्समधील एका सरदार घराण्याच्या वाड्यांत ते होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत ते वाड्यांतून गेले, आणि पुढें कितीएक वर्षें शेतकऱ्यांनीं त्यांचा उपयोग थंडीपासून बटाटे झांकण्यासाठीं केला, असें सांगतात. १८५० च्या सुमारास ते पुन्हां सांपडले, आणि १९३७ सालीं रॉकफेलरांनीं ते संग्रहालयाला दिले. मला या हकीकतींत त्या शेतकऱ्यांचा दोष दिसत नाहीं. लोंकर आणि रेशीम यांचें जाड कापड त्यांच्या हातीं आलें. बटाटे गोठूं नयेत ही त्यांची निकड होती. आणि हा पट काय सांगतो हें त्यांना कोणीं कधीं सांगितलेंच नव्हतें. ज्या वाड्यांत तो लागला होता, त्या वाड्याच्या दिवाणखान्यांत त्यांना बोलावणें कोठें होतें? वस्तूचा अर्थ सांगणारा मनुष्य आणि ऐकणारा मनुष्य यांची भेट झाली नाहीं, म्हणजे कलेचें पांघरूण होतें, तें असें.

ही भेट घडविण्याचें काम उन्हाळ्यांत क्लॉयस्टर्समध्यें कॉलेजचे विद्यार्थी करीत आले आहेत. या उपक्रमाची रीत अशी: निवडलेले विद्यार्थी नऊ आठवडे पूर्ण वेळ काम करतात आणि त्यांना वेतन मिळतें. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षांतल्या मुलांनीं, ज्यांनीं पूर्वीं कोठें असें काम केलेलें नाहीं, अशांनीं मुद्दाम अर्ज करावे अशी अपेक्षा असते. प्रथम त्यांना संग्रहाचें आणि शिकविण्याच्या कलेचें कसून शिक्षण देतात. नंतर शहरांतील सुटीच्या शिबिरांतून मुलांच्या टोळ्या येऊं लागतात आणि हे विद्यार्थी त्यांना दालनांतून फिरवितात. शेवटीं प्रत्येकानें एक विषय स्वतः निवडून, अभ्यासून, सर्वसाधारण प्रेक्षकांपुढें त्यावर व्याख्यान द्यावयाचें असतें.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. त्या सात पटांपैकीं एकांत तो एकशिंगी प्राणी गोल कुंपणांत, झाडाला बांधलेला, फुलांच्या हिरवळीवर बसला आहे. त्याच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर तांबडे थेंब आहेत. कोणतेंहि मूल प्रथम तेंच पाहील आणि विचारील, “हें रक्त आहे काय?” येथें वाईट शिक्षक लगेच उत्तर सांगून मोकळा होतो. चांगला शिक्षक विचारतो, “तुला काय वाटतें? जखम कोठें दिसते काय? बरें, झाडाकडे पाहा. त्यावर कसलीं फळें आहेत?” मग मुलाची नजर वर जाते. तेथें डाळिंबें आहेत, पिकून फुटलेलीं. त्यांचा रस खालीं ठिबकला आहे. मूल स्वतः पाहतें, स्वतः ताडतें, आणि तें चित्र जन्मभर त्याचें होतें. मी आयुष्यभर शाळेंत शिकविलें. उत्तर ओठांवर आलें असतां तें गिळून प्रश्न विचारणें, हें शिक्षकाला किती उशिरा साधतें तें मला ठाऊक आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाला तें नऊ आठवड्यांत शिकावयास मिळतें, ही मोठीच विद्या झाली.

परंतु ही विद्या कोणाला मिळावी? येथें आपण पुन्हां जुन्या उमेदवारापाशीं येतों.

ज्या १९३८ सालीं क्लॉयस्टर्स उघडलें, त्याच सालीं अमेरिकेंत किमान वेतनाचा कायदा झाला. तासाला निदान २५ सेंट दिलेच पाहिजेत असें ठरलें. पण शिकाऊ माणसाचें काय? १९४७ सालीं हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला. रेल्वेच्या यार्डांत ब्रेक सांभाळण्याचें काम शिकण्यास कांहीं माणसें आठवडाभर येत. त्यांना मजुरी द्यावी काय? न्यायालयानें म्हटलें, हीं माणसें स्वतःच्या लाभासाठीं शिकतात, कंपनीला त्यांच्यापासून तात्काळ लाभ होत नाहीं, तेव्हां हे नोकर नव्हेत. निर्णय त्या प्रकरणापुरता समंजस होता. पण आठवड्याच्या शिकवणीसाठीं झालेल्या त्या निर्णयाच्या छायेंत पुढें महिनेच्या महिने चालणाऱ्या विनावेतन इंटर्नगिरीचें मोठें रान माजलें. अखेर २०१३ सालीं एका चित्रपटाच्या कामावर विनावेतन राबलेल्या तरुणांच्या बाजूनें न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशानें निकाल दिला. २०१५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरवून, अशा व्यवहारांत मुख्य लाभ कोणाचा होतो तें पाहावें, अशी कसोटी घालून दिली. कायद्याची दोरी अशी इकडून तिकडे ओढली जात असतां, धर्मादाय संस्था असलेल्या संग्रहालयांना तर तिचा कांच फारसा लागतच नव्हता.

मला येथें माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवतो. त्याचे वडील गिरणींत कामाला होते. मुलाला जुन्या चित्रांची, नाण्यांची, कोरीव कामाची उपजत ओढ. एका संस्थेनें त्याला सुटीच्या दिवसांत जुन्या वस्तूंच्या नोंदी करण्यास बोलाविलें. वेतन नाहीं, पण शिकावयास मिळेल, असें सांगितलें. तो तीन दिवस मोठ्या हौसेनें गेला. चौथ्या दिवशीं त्यानें एका दुकानांत वह्यांना पुठ्ठे घालण्याचें काम पत्करलें, कारण तेथें रोजचे पैसे रोज मिळत. संस्थेकडून मला निरोप आला: “मुलगा हुशार आहे, पण चिकाटी नाहीं.” मीं तें वाक्य त्याच्या वडिलांना सांगितलें नाहीं. अजूनहि तें आठवलें म्हणजे मला त्या संस्थेचा नव्हे, स्वतःचा राग येतो. कारण त्या वेळीं मीहि मनांतून तेंच म्हटलें होतें.

एका मुलाची गोष्ट सोडा. सबंध शहराला हीच गोष्ट कशी शिकावी लागली तें पाहा. १९९२ सालच्या एप्रिलअखेर लॉस एंजेलिस शहरांत मोठा दंगा उसळला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारस्वाराला पोलिसांनीं केलेली बेदम मारहाण चित्रफितींत टिपली गेली होती. तरीहि आरोपी पोलिस सुटले. त्या संतापांत शहर पेटलें, ५० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या शहरांत गेटी नांवाची कलेसाठीं वाहिलेली अत्यंत धनाढ्य संस्था आहे. जळणाऱ्या शहरांत कलासंग्रहालयानें काय करावें, असा प्रश्न तिच्यापुढें उभा राहिला. तिनें काढलेलें उत्तर साधें होतें. ज्या समाजांतलीं मुलें संग्रहालयाच्या आंत कधीं कामाला दिसत नाहींत, त्यांना उन्हाळ्यांत आंत बोलवावें आणि कामाचे पैसे द्यावेत. १९९३ पासून लॉस एंजेलिसमधील लहानमोठ्या संग्रहालयांत आणि कलासंस्थांत विद्यार्थ्यांना दहा-दहा आठवड्यांचें सवेतन काम मिळूं लागलें. पैसे गेटीचे, काम गांवभरच्या संस्थांत. डेबोरा मॅरो या विदुषीनें हा उपक्रम अनेक वर्षें जोपासला, म्हणून पुढें त्याला तिचेंच नांव दिलें गेलें. आजवर ३००० हून अधिक विद्यार्थी या वाटेनें गेले आहेत, आणि त्यांतील कित्येक संग्रहालयांचे अधिकारी झाले आहेत.

तरीहि एकंदर चित्र फारसें बदललें नव्हतें. २०१५ सालीं मेलन प्रतिष्ठाननें अमेरिकेंतील कलासंग्रहालयांची शिरगणति प्रसिद्ध केली. वस्तूंची निवड करणारे, त्यांची डागडुजी करणारे, शिक्षण देणारे आणि कारभार पाहणारे, अशा चार वर्गांतले लोक मोजले, तर शंभरांत ८४ गोरे निघाले आणि कृष्णवर्णीय अवघे ४. संग्रहालयांचे संचालक कांहीं दुष्ट होते असें नव्हे. त्यांनीं दारावर कोठेंहि “अमक्यानें येऊं नये” अशी पाटी लावली नव्हती. पण पहिली पायरी फुकटच्या कामाची होती, आणि ज्याला भाडें भरावें लागतें त्याचा पाय त्या पायरीवर टिकत नव्हता. जागा योग्यतेनें भरतात असें सर्वांना वाटत होतें. प्रत्यक्षांत योग्यतेच्या आधीं बापाची मिळकत तपासली जात होती.

२०१९ सालच्या जून महिन्यांत कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघानें ठराव केला कीं, संग्रहालयांनीं इंटर्न विद्यार्थ्यांना वेतन दिलें पाहिजे. ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो न पाळणाऱ्याला दंड नाहीं. परंतु जी गोष्ट पूर्वीं रीत समजली जात होती, ती त्या दिवसापासून उणीव समजली जाऊं लागली. हा फरक लहान नव्हे. पुढच्याच वर्षीं, २०२० मध्यें, एड्रिअन आर्श्ट या दानशूर बाईंनीं मेट्रोपॉलिटनला ५० लाख डॉलरांची देणगी दिली, आणि तिच्या आधारावर त्या संग्रहालयानें आपल्या सर्वच इंटर्न विद्यार्थ्यांना वेतन देण्याचें जाहीर केलें. सनद मिळाल्यापासून या घटनेपर्यंत दीडशें वर्षें झालीं. रविवारीं दार उघडण्यास एकवीस वर्षें लागलीं. शिकाऊ तरुणाला सरसकट वेतन मिळण्यास दीडशें.

या सर्व गोष्टीला दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते फेंकून देण्यासारखे नाहींत. पहिला असा कीं, विद्या ही सेवेनें मिळते. तींत पैसा आणला म्हणजे विद्यार्थ्याची वृत्ति मजुराची होते. यावर माझें उत्तर असें कीं, वेतन ही विद्येची किंमत नव्हे. तें ताट आहे. गुरूच्या घरीं जेवणाऱ्या शिष्याला कोणी मजूर म्हटलें नाहीं. उलट, ज्याला संध्याकाळच्या जेवणाची काळजी नाहीं, त्याचेंच लक्ष चित्रांतल्या डाळिंबाकडे जातें. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. मोठ्या संग्रहालयांना दाते मिळतात, लहानांनीं काय करावें? दहा फुकट जागांच्या ऐवजीं तीं सहाच सवेतन जागा ठेवतील, आणि चार तरुणांची संधि जाईल. हें खरें आहे. जागा कमी होतात. परंतु दहा जागा असून त्या सगळ्या एकाच थरांतल्या मुलांना मिळणें, आणि सहा असून त्या कोणालाहि मिळूं शकणें, यांत निवड करावयाची झाली, तर मी सहा पत्करीन. शिवाय गेटीनें दाखविलेली वाट आहेच: मोठ्या संस्थेनें पैसे द्यावेत आणि लहान संस्थेनें काम शिकवावें.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. नऊ आठवडे म्हणजे नोकरी नव्हे. उन्हाळा संपतो आणि विद्यार्थी कॉलेजांत परत जातात. त्यांतील बहुतेक पुढें डॉक्टर, वकील, शिक्षक किंवा दुकानदार होतात. तें फुकट गेलें असें मला वाटत नाहीं. ज्यानें एकदां मुलांच्या घोळक्यापुढें उभें राहून चित्र बोलतें केलें आहे, तो आपल्या मुलांना घेऊन संग्रहालयांत पुन्हां येतोच. आणि दिवाणखान्यांत बोलावणें नसलेल्या घराला तो बोलावणें पोंचवितो.

आपल्याकडे संग्रहालयें कांहीं कमी नाहींत. मुंबईच्या भायखळ्याचें संग्रहालय १८७२ पासून लोकांसाठीं उघडें आहे. तें आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव अभिमानानें मिरवतें. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ सालीं उघडलें, आणि २०१९ सालीं त्याच्या आवारांत मुलांसाठीं निराळें संग्रहालय झालें. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं आपला कलासंग्रह डोंगरावर ज्या इमारतींत ठेवला ती १९३८ ची. म्हणजे क्लॉयस्टर्सच्याच वयाची. वस्तु आहेत, इमारती आहेत, मुलें तर अगणित आहेत. शाळेच्या सहलीबरोबर मी अनेकदां गेलों आहें. रांगेनें आंत, रांगेनें बाहेर, आणि मध्यें “हात लावूं नका” एवढेंच वाक्य मुलांच्या कानीं पडे. चाळीस मिनिटांत दोन हजार वर्षें पाहून मुलें डबे उघडीत.

त्या रांगेच्या शेजारीं एखादा कॉलेजांतला तरुण उभा असता आणि एकाच मूर्तीपुढें दहा मुलांना थांबवून त्यानें विचारलें असतें, “हिच्या हातांत काय आहे, सांगा पाहूं?” तर? तो तरुण कोणाचा तरी मुलगा असणार. तो गिरणी-कामगाराचाहि असावा, एवढीच माझी इच्छा आहे. आणि तो तसा असावयाचा, तर नुसतें बोलावणें पुरत नाहीं. बोलावण्याबरोबर ताट वाढावें लागतें.

चिकाटी त्या मुलाजवळ पुष्कळ होती. त्या उन्हाळ्यांत त्यानें सुटी संपेपर्यंत एकहि दिवस न चुकतां वह्यांना पुठ्ठे घातले.